ओबरवीझेनटालचा रुसवा

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. उभी नोकरी पुण्यात पोस्टाच्या काउंटरवर गेली. तिथे गोड बोलणाऱ्या बाईचा दुपारपर्यंत निभाव लागत नाही. त्यामुळे क्षितिजाने, म्हणजे माझ्या लेकीने, जेव्हा हात जोडून सांगितलं की आई, ह्या आठवड्यात तू अहो आईंशी भांडायचं नाहीस, तेव्हा मला रागच आला. मी काय भांडकुदळ आहे?

मग विचार केला. तर आहे थोडीशी.

दोन हजार सातचा नोव्हेंबर. क्षितिजा जर्मनीत येनाला पीएच.डी. करत होती आणि तिचा नवरा निहार र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर होता. लग्नाला तीन वर्षं झालेली, पण दोघांची दोन गावं, दोन घरं आणि मधे अर्ध्या दिवसाची आगगाडी. सुट्टीला तो यायचा, नाहीतर ती जायची. येनाच्या तिच्या दोन खोल्यांच्या वोनुंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या फ्लॅटमध्ये, त्या महिन्यात दोन आया मुक्कामाला होत्या. मी 'अगं आई', आणि निहारची आई कुंदाताई, त्या 'अहो आई'. मी लेकीला लिहायला वेळ मिळावा म्हणून स्वयंपाकपाण्याला आले होते. कुंदाताई महिनाभर लेकाकडे राहून मग थोडे दिवस सुनेकडे आल्या होत्या.

कुंदाताई सांगलीच्या. बारीक अंगाच्या, स्वेटरवरूनसुद्धा पदर नीट घेणाऱ्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण न चढवता असं काही बोलायच्या की माझा पारा चढायचा. पहिल्याच दिवशी मी ताटावर बसले तर म्हणाल्या, लेकीच्या घरी जेवता होय तुम्ही, आमच्यात नातवंड होईपर्यंत पाणीसुद्धा पीत नाहीत. मी म्हटलं, पाणी नळाचं आहे, येना नगरपालिकेचं. त्या हसल्या. मला मात्र ते लागलं, कारण नातवंड हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता असं मला वाटलं.

खरा बॉम्ब सोमवारी पडला. फरसबी मोडता मोडता त्यांनी शांतपणे सांगितलं, की शनिवारी निहार आला की त्या त्याला स्पष्ट बोलणार आहेत. बास झालं आता, घर एक करा. आणि निहार आईचा शब्द मोडत नाही. वडील गेल्यापासून तर मुळीच नाही. घर एक करायचं म्हणजे कुणी कुठे जायचं, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? मुलाची नोकरी पक्की, आणि मुलीचं काय, तर शिक्षण. आपल्याकडे शिक्षण सोडतात, नोकरी सोडत नाहीत.

क्षितिजा करते काय ते मला धड सांगता येत नाही. प्रकाशाचं काहीतरी आहे. तिच्या संस्थेच्या तळघरात एक भलंमोठं टेबल आहे, त्यावर बारीक बारीक आरसे आणि भिंगं मांडलेली. तिने स्वतः मांडलेली, वर्षानुवर्षं खपून. ते तिथून उचलून कुठे नेता येत नाही, आणि ती उठली तर तिची जागा दुसऱ्याला जाणार. काम संपायला सात-आठ महिनेच उरले होते. हे सगळं तिने मला जिन्यात उभं राहून कुजबुजत सांगितलं, घरात अहो आई होत्या म्हणून. ती रडली नाही, नुसती नखं कुरतडत होती. सातवीनंतर तिची ती सवय सुटली होती. मला ते बघवेना.

मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी.

"तू बोलतेस म्हणजे भांडतेस," ती म्हणाली. "तू एक शब्द बोललीस तर त्या हट्टाला पेटतील आणि निहार मधल्या मधे चेपला जाईल. त्यापेक्षा तू त्यांना घेऊन कुठेतरी फिरून ये. मला दोन दिवस शांतता मिळेल, त्यांचं मन रमेल. प्लीज आई, फक्त भांडू नकोस."

कुठे जायचं ते तिनेच ठरवलं. ओबरवीझेनटाल. जर्मनीतलं सगळ्यात उंचावरचं शहर, झेक सरहद्दीला अगदी खेटून. पाचशे वर्षांपूर्वी डोंगरात चांदी सापडली म्हणून कुणा राजाने वसवलेलं. वर जायला वाफेच्या इंजिनाची चिमुकली गाडी आणि शहराच्या डोक्यावरच्या शिखराला जायला हवेतला पाळणा. बुधवारी जा, गुरुवारी या, साधे वार आहेत, गर्दी नसेल, असं म्हणून तिने एका पेन्शनमध्ये खोली राखून ठेवली. तिकडे घरगुती लॉजला पेन्शन म्हणतात. मी पेन्शनर बाई, मला ते आवडलं. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं स्वतःशीच म्हणून तिने लॅपटॉप मिटला आणि मला घट्ट मिठी मारली.

बुधवारी पहाटेच निघालो. मी खिडकीची जागा कुंदाताईंना दिली, त्यांची पिशवी उचलली, दर गाडी बदलताना त्यांना आधी चढवलं. मुलीची आई म्हणून जे जे करायचं ते सगळं केलं, आणि करताना मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. लग्नात मी असलं काही चालू दिलं नव्हतं. रजिस्टर लग्न, दोन्हीकडची मोजकी माणसं, मग हॉटेलात थाळी. मानपान नाही, देणंघेणं नाही. मला त्याचा केवढा अभिमान. आणि आता मी जर्मनीत फलाटाफलाटावर विहिणीची पिशवी वाहत होते.

त्या पिशवीत धपाटे होते. मी बजावलं होतं की काही घेऊ नका, दोन दिवस चुलीला सुट्टी, हॉटेलात जेवू. त्या बरं म्हणाल्या होत्या, आणि मी अंघोळीला गेल्यावर धपाटे लाटले होते. बरोबर शेंगाची चटणी. मी काही बोलले नाही, पण माझं तोंड त्यांना दिसलं असणार.

शेवटच्या टप्प्याला ती छोटी गाडी लागली. काळं इंजिन, लाकडी बाकं, आणि चढ लागला की धापा टाकल्यासारखा आवाज. एका बाजूला ओढा, दुसरीकडे देवदाराची झाडी, मधेच घरं, त्यांच्या अंगणातून गेल्यासारखी गाडी जाते. कुंदाताई दोन डब्यांच्या मधल्या उघड्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. आत या, सर्दी होईल, असं मी दोनदा सांगितलं. त्यांना ऐकूच येत नव्हतं. चेहऱ्यावर कोळशाचे कण घेऊन त्या आत आल्या तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. साठीची बाई, आणि डोळे असे चमकत होते की मला त्यांच्यावर चिडता येईना.

शहरात पोचलो तर सामसूम. बेकरी बंद, किराणा बंद, लाकडी बाहुल्यांचं दुकान बंद. मला आधी वाटलं, इथेही एक ते चार झोपतात की काय. मी पुण्याची, मला त्याचं नवल नाही. पण पेन्शनच्या मालकिणीने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आज फायरटाग आहे, सुट्टीचा दिवस. प्रार्थनेचा आणि पश्चात्तापाचा. पण फक्त झाक्सन राज्यात. शेजारच्या थ्युरिंगेनमध्ये नाही. आणि आमची विदुषी येनाला, म्हणजे थ्युरिंगेनमध्ये बसलेली. तिच्या कॅलेंडरात साधा बुधवार.

मी तापले. एवढी शिकलेली मुलगी, दोन राज्यांपलीकडे नाही, बाजूच्या राज्यात काय चाललंय पत्ता नाही.

"मिरजेला बाजार आणि बेळगावात बंद, तसं झालं," कुंदाताई म्हणाल्या आणि धपाट्यांचा डबा उघडला. भूक लागली होती. मी तीन खाल्ले आणि गप्प बसले.

मग फिरायला निघालो. बंद असलं तरी शहर कुठे पळून जात नाही. चौक उतरता आहे, सपाट जागा अशी नाहीच. घरांची छपरं काळ्या पाटीच्या दगडाची, उभट, बर्फ घसरून जावा म्हणून. खिडक्याखिडक्यांत लाकडी कमानी मांडलेल्या, त्यावर दिवे, आत खाणकामगारांच्या आकृत्या कोरलेल्या. दिवे अजून लावायचे नव्हते. नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला रविवार उजाडल्याशिवाय लावत नाहीत म्हणे. आणि चौकाच्या मधोमध एक उंच दगडी खांब. त्यावर मुकुट, आणि चक्क पोस्टाचं शिंग. जुन्या काळी टपाल घोडागाडीने जायचं तेव्हाचा हा खांब, कुठल्या गावाला किती वेळ लागेल ते त्यावर कोरलेलं. माझ्या खात्याचा खांब. मी त्याला हात लावून उभी राहिले आणि, खोटं कशाला बोलू, हात काढवेना. कुंदाताईंनी माझा फोटो काढला. डोकं कापलं गेलं त्यात, पण शिंग छान आलंय.

चर्चमधून माणसं बाहेर पडत होती. काळे कोट, हळू आवाज. कुंदाताईंनी सवयीने हात जोडले, तर एका आजोबांनी टोपी काढली आणि म्हणाले, ग्लुक आउफ. खाणीत उतरणाऱ्यांचा हा नमस्कार, सुखरूप वर या, असा. खाणी कधीच्या बंद झाल्या, नमस्कार राहिला. हे मालकिणीने सांगितलेलं मी कुंदाताईंना सांगितलं. झालं. त्यानंतर वाटेत भेटेल त्याला कुंदाताईंचं ग्लुक आउफ. कुत्रं घेऊन चाललेल्या बाईला, कुंपण रंगवणाऱ्याला, कुणालाही. आणि प्रत्येक जण उलट म्हणायचा. मला वाटलं, चला, मन रमतंय. क्षितिजाचा बेत जमतोय. आता हळूच विषय काढावा.

पाळण्यापाशी गेलो तर त्यालाही कुलूप. दुरुस्तीचे दिवस, बर्फाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वर्षातून एकदा करतात ती. मी म्हटलं, संपलं, आता खोलीवर जाऊन चहा. कुंदाताई मान वर करून डोंगराकडे बघत होत्या. शिखर धुक्यात होतं.

"वाट दिसतेय की," त्या म्हणाल्या.

मी समजावलं. बाराशे मीटर उंच आहे. माझे गुडघे आहेत. चपला नाहीत पण बूट काही डोंगराचे नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी हळू चालते, तुम्ही या मागनं. आणि पदर खोचला.

त्या हळू चालत नव्हत्या. त्यांचं माहेर शिराळ्याच्या डोंगरातलं, हे मला त्या दिवशी कळलं. लहानपणी शाळेला खिंड ओलांडून जायच्या म्हणे. पाऊल कसं टाकायचं ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं. मी आपली सदाशिव पेठेतली, मला पर्वतीच्या पायऱ्यांची सवय, तीही सुटलेली. झाडीत जुना बर्फ पडलेला होता. त्या पुढे जायच्या, वळणावर थांबायच्या, मी धापा टाकत पोचले की परत निघायच्या. मला दम खायला मिळायचाच नाही. बोलायचं कसलं डोंबल, मला श्वास पुरत नव्हता.

असं बरंच चढल्यावर एक बाक लागलं. धुकं आता आमच्याभोवतीच आलं होतं. मी बाकावर बसले आणि जाहीर केलं की मी आता उतरणार. हे काही वय आहे का, अंधार लवकर पडतो, वर काय मिळणार आहे आपल्याला.

"आता उतरायचं?" कुंदाताई म्हणाल्या. "एवढं चढल्यावर? अहो, थोडंच तर राहिलंय."

मी खरंच सांगते, मला बोलायचं नव्हतं. लेकीला शब्द दिला होता. पण तोंड आहे का काय आहे.

"थोडंच राहिलंय हे कळतं तुम्हाला?" मी म्हटलं. "मग माझ्या पोरीचंही थोडंच राहिलंय, ते नाही का कळत? तिला बरी अर्ध्यावरून उतरवताय."

कुंदाताई बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि झाडांकडे तोंड केलं. मी वाट बघितली. मग म्हटलं, चला. उत्तर नाही. बरं, वर चला. उत्तर नाही. खाली? नाही. एक तर त्यांना भाषा येत नाही, त्यात धुकं, त्यात मी शब्द मोडलेला. शनिवारी काय होणार ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. माझ्याच हाताने मी पोरीचं वाटोळं केलं होतं.

मी थर्मासमधला चहा ओतून पुढे केला. घेतला नाही. माझी शाल दिली, ती बाकावर ठेवली. शेवटी मी हात जोडले, चुकलं म्हटलं. तेव्हा त्यांच्या खांद्याची हालचाल झाली. मला वाटलं रडतायत. बघते तर हसत होत्या, आणि डोळ्यांत पाणीही होतं.

"मला लग्नात रुसायला मिळालंच नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई तेलफणीवरून रुसल्या होत्या. दोन तास. माझ्या आईनं पैठणी काढली तेव्हा उठल्या. मी म्हटलं, माझाही दिवस येईल. तर तुम्ही रजिस्टर लग्न केलंत. कुणी विचारलंच नाही मला. ना लग्नाचं, ना पोरांच्या दोन घरांचं. आपलं ठरवायचं आणि मला फोन करायचा."

मानपान नको म्हणता म्हणता मी त्या बाईला सरळ वगळलंच होतं, हे त्या धुक्यात मला पहिल्यांदा दिसलं. म्हटलं, मग आत्ता रुसा, मी काढते तुमचा रुसवा. पण घर एक करायचा एवढा हट्ट कशासाठी, ते तर सांगा. चांगलं चाललंय दोघांचं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. निहारचे वडील वासुदेवराव पाटबंधारे खात्यात होते. आज ह्या धरणावर, उद्या त्या. कुंदाताई सांगलीला सासू-सासऱ्यांपाशी. ते सुट्टीला यायचे.

"सुट्टीला येणारा नवरा पाहुणा असतो हो," त्या म्हणाल्या. "त्याला गोडधोड करून घालायचं. त्याच्याशी भांडायचं नाही, दोनच दिवस तर आलाय. तो पण काही बोलत नाही. सगळं चांगलंच चालतं. मग रिटायर होऊन कायमचे घरी आले, तर आम्हाला एकमेकांशी बोलताच येईना. टीव्ही लावून बसायचो. दोन वर्षांत ते गेले. मला रडू आलं ना, ते पाहुणा गेल्यासारखं आलं. असं कुणाला सांगायचं?"

त्यांनी चहाचा पेला उचलला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. मी निहार-क्षितिजाचे शुक्रवार आठवत होते. तो येणार म्हणून ती पनीर आणून ठेवते. तो फुलं आणतो. तीन वर्षांत मी त्यांना भांडताना ऐकलेलं नव्हतं आणि मी ते कौतुकाने सगळ्यांना सांगत आले होते. कुंदाताईंचं म्हणणं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. आता ह्याचं करायचं काय, ते मला कळेना.

"काढताय ना रुसवा?" त्या म्हणाल्या. "मग मागेन ते द्यावं लागतं. पैठणी नको मला. शनिवारी मी निहारशी बोलेन तेव्हा तुम्ही मधे एक अक्षर काढायचं नाही. हूं नाही की चूं नाही. मी बोला म्हणेपर्यंत."

मी नाही म्हणू शकले असते. पण ज्या बाईला तीन वर्षं कुणी विचारलं नव्हतं, तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि रुसवा काढते असं मीच म्हणून बसले होते. दिलं, असं म्हटलं. म्हणताना आपण लेकीला विकलं असं वाटलं.

मग कुंदाताईंनी मला हात धरून उठवलं, आणि तो हात शिखरापर्यंत सोडला नाही. वर पोचलो तर काय, ही गर्दी. सुट्टी ना! अख्खं राज्य मोटारीने वर आलेलं. हॉटेल चालू, पोरं घसरगाड्या घेऊन उरल्यासुरल्या बर्फावर. आम्ही दोघी तेवढ्या पायी आलेल्या, साडीत आणि पंजाबी ड्रेसमध्ये. धुकं खाली राहिलं होतं, वर लख्ख ऊन. पलीकडे झेक देशातला डोंगर दिसत होता, आमच्यापेक्षा जरा उंच. मधेच धुकं फाटलं की खाली ते शहर दिसायचं, चर्चचा मनोरा, चौक, उभट काळी छपरं. कुंदाताईंनी बटाट्याचं सूप मागवलं, चाखलं, त्यात शेंगाची चटणी घातली आणि मग आवडीने संपवलं. मला ते सगळं दिसत होतं, सुंदर होतं हेही कळत होतं, पण जीव शनिवारात अडकला होता. परत जाताना रस्त्याने उतरलो. सगळ्या वाटेवर त्या क्षितिजाबद्दल विचारत होत्या. ती सकाळी किती वाजता जाते, एकटीच असते का तिथे, टेबल का हलवता येत नाही, आरसा हलला तर काय होतं. मला येत होतं तेवढं सांगितलं.

येनाला आल्यावर क्षितिजाने जिन्यातच विचारलं, भांडलीस का. मी म्हटलं, शेवटी गोडीने आलो ना परत. तिने थँक्यू म्हणून माझ्या गालाचा मुका घेतला. मला रात्रभर नीट झोप नाही.

शनिवारी निहार आला. हातात फुलं, पाठीवर सॅक. कुंदाताईंनी वांगी केली होती, मी पोळ्या करत होते. स्वयंपाकघरातच टेबल, चौघं जेमतेम मावतो. दोन घास झाले आणि कुंदाताईंनी सुरू केलं.

"निहार, घर एक करायचं. आता चालढकल नको."

क्षितिजाचा हात थांबला. तिने निहारकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. बोल ना, असं. चार दिवसांपूर्वी जी मला गप्प राहा म्हणत होती तीच. मी तव्यावरची पोळी उलटली. परत उलटली. जीभ दाताखाली धरली होती, खोटं नाही, दुखेपर्यंत. पोळी करपली.

निहार चाचरत म्हणाला की आई, तिचे सात-आठच महिने राहिलेत, आल्झो, म्हणजे, ती आत्ता कशी येणार...

"तिला कोण ये म्हणतंय?" कुंदाताई म्हणाल्या. "तिचं हलण्यासारखं नाही. तुझं काय आहे न हलण्यासारखं?"

कुंदाताईंचा आवाज नेहमीसारखाच, खालच्या पट्टीत. म्हणाल्या, मला इथे सोडायला आलास तेव्हा आपली गाडी आयसेनाखला थांबली होती. तूच बोट करून दाखवलंस की तुमच्या कंपनीचा इथेही कारखाना आहे. तिथून येना तासाभरावर. रोज ये-जा होते. मग बदली माग. नाही मिळाली तर दुसरी नोकरी बघ, पण आधी माग.

"बदली अशी लगेच..." निहार म्हणाला.

"तुझ्या बाबांनी कधी मागितली नाही. मीही कधी माग म्हटलं नाही. लोक काय म्हणतील, बायकोसाठी बदली मागतो. तू मागायची. आणि रोज संध्याकाळी घरी येऊन हिच्याशी चांगलं भांडायचं."

कुणी जेवत नव्हतं. निहारने आईकडे बघितलं, मग क्षितिजाकडे. तो हळूच म्हणाला, सोमवारी विचारतो. मग म्हणाला, खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं. क्षितिजा म्हणाली, मलाही नाही सुचलं. आणि ती रडायला लागली. जिन्यात रडली नव्हती ती आत्ता रडली, वांग्याच्या भाजीत.

आणि मी? युनियनच्या सभेत स्त्री-पुरुष समानतेवर भाषणं ठोकलेली बाई. आठवडाभर लेकीची खुर्ची दोन्ही हातांनी धरून बसले होते. दुसरी खुर्ची उचलता येते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते सांगलीच्या पदरवाल्या बाईच्या डोक्यात आलं.

कुंदाताई माझ्याकडे वळल्या. "सुमेधाताई, सुटलात आता. बोला काय बोलायचंय ते."

बोलायचं पुष्कळ होतं. मी तव्यावरची ताजी पोळी घेतली, त्यांच्या ताटात वाढली, त्यावर तूप घालायला चमचा भरला, आणि तसाच हात हवेत ठेवून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मला आवरेचना.

त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तूप सांडतंय."